बाल्याची सीमारेषा

बाल्य व तारुण्य यांच्या उपपत्ती पदव्युत्तर वर्गात अभ्यासिताना फिलिप आरिएस यांस टाळता येत नाही. मध्ययुगीन युरोपात बाल्याची स्वतंत्र जाणीवच नव्हती, असे या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली प्रतिपादिले. लिंडा पोलॉक यांनी १९८३ मध्ये जुन्या रोजनिशा तपासून आक्षेप घेतला की, आईबापांची माया काही नवी नव्हे.

हा वाद आम्हांस परका नाही. आमच्या पणज्या आठव्या-नवव्या वर्षी बोहल्यावर चढल्या; म्हणून का त्यांच्या आईबापांस माया नव्हती? संमतिवय १८९१ साली १० वरून १२ झाले. मुलीचे विवाहवय १९२९ च्या शारदा कायद्याने १४ आणि १९७८ मध्ये १८ ठरले. माया तीच राहिली. सरकली ती बाल्याची सीमा. या दोहोंची गल्लत न करणे, हाच या अभ्यासाचा पहिला धडा होय.