रुमालातला कागद आणि त्याची मुदत

रिसोड तालुक्यातले केनवड जागचे हलले नाही. हलत राहिला तो त्याचा जिल्हा. १९०५ पर्यंत ते वाशीम जिल्ह्यात होते. मग तो जिल्हा मोडला आणि गावाचा कारभार अकोल्याकडे गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. मधल्या काळात वऱ्हाड मध्य प्रदेशातून १९५६ साली मुंबई राज्यात आले. कारभार असा हलला की दफ्तराचा प्रश्न उभा राहतोच: कोणता कागद जन्मभर सांभाळायचा आणि कोणता नाही? आज गावातल्या एखाद्या कृषी सेवा केंद्राने बिले, छायाचित्रे, हिशेब क्लाउडवर ठेवले, तर महिन्याच्या भाड्यात हाच प्रश्न दडलेला असतो. माझे म्हणणे असे की हे भाडे जागेच्या दरापेक्षा मुदत न ठरवल्यामुळे वाढते.

महाराष्ट्राच्या सरकारी दफ्तराने मुदतीचा विचार फार बारकाईने केला आहे. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ फक्त १ वर्ष. प्रकरण निकाली निघाले की त्यावर अक्षर पडते आणि मगच ते रुमालात बांधून अभिलेख कक्षात जाते. सहा गठ्ठा पद्धतीत तर नाश करायच्या कागदांचा गठ्ठाच वेगळा असतो. म्हणजे कागद आत येतानाच त्याच्या बाहेर जाण्याची सोय झालेली असते. मला या व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. क्लाउडवरही हे जमते: अमेझॉनच्या साठवण सेवेत ठरलेल्या दिवसांनंतर फाईल आपोआप स्वस्त कप्प्यात हलवता किंवा पुसता येते. २०१९ साली आलेला तिचा ‘डीप आर्काइव्ह’ कप्पा फार स्वस्त आहे, पण तिथली फाईल परत मिळायला १२ तास किंवा अधिक लागू शकतात, आणि १८० दिवसांच्या आत ती काढली तरी तेवढ्या दिवसांचे भाडे द्यावेच लागते. रोज लागणारी खतावणी तिथे ठेवणे चूक. पाच वर्षांपूर्वीची बिले ठेवणे योग्य. जीएसटी कायद्याने हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायला सांगितले आहेत, त्यामुळे तिथे मुदत शोधायचेही कारण नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे. आज निरुपयोगी वाटलेला कागद उद्या इतिहास ठरतो. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, तो जुन्या पत्रांच्या जोरावर. ती पत्रे कोणी ‘ड’ म्हणून जाळली असती तर? धास्ती रास्त आहे. पण घराघरांतले असे कागद वाळवीने खाल्ले ते वर्गवारीमुळे नव्हे, वर्गवारीच नव्हती म्हणून. उलट पेशवे दफ्तर पुण्यात जपून ठेवलेले होते, तरी गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ दरम्यान निवडक कागदांचे ४५ खंड निघेपर्यंत त्यातले बहुतेक अभ्यासकांच्या आवाक्याबाहेरच होते. दुसरा आक्षेप, की निवडायला माणूस लावण्यापेक्षा सगळेच ठेवणे स्वस्त पडते, पहिल्या वर्षी खरा असतो. पण भाडे दर महिन्याला पुन्हा द्यावे लागते, एकाच बिलाच्या चार प्रती साचतात आणि हवी ती सापडेनाशी होते. निवड यंत्रावर सोपवता येते. अक्षर मात्र माणसानेच ठरवायचे. सरकारी दफ्तरातही कारकून आपल्या मनाने काही जाळत नाही: आधी यादी होते, मग अधिकाऱ्याची मंजुरी आणि त्यानंतरच गठ्ठा बाहेर जातो.