पाटी घासावी की न घासावी?

मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी घरातल्या ज्या ज्या वस्तू दुरुस्त केल्या, त्यांची यादी आमच्या सौभाग्यवतींना तोंडपाठ आहे. कारण त्यांतली प्रत्येक वस्तू पुढे नवी आणावी लागली. म्हणून आमगावच्या जुन्या घराचा कोठा उतरवताना गड्यानं कवेलूंखालून एक गंजका पत्रा ओढून काढला आणि "भाऊ, हा भंगारात टाकू का जी?" असं विचारलं, तेव्हा मी तोंड उघडण्यापूर्वीच सौ. म्हणाली, "टाक."

मी म्हणालो, "थांब." ज्या माणसानं एकतीस वर्षं बँकेच्या वसुली खात्यात काढली, त्याला सहजासहजी काही सोडवत नाही. बाहीनं पत्रा पुसला. खालून गर्द निळा रंग निघाला. मग एक पिवळा कप, त्यावर वाफेच्या तीन रेघा आणि 'चहा प्या' ही अक्षरं. कंपनीचं नाव जिथं असायला हवं, तिथं गंजाचा नकाशाएवढा डाग पडला होता. मागच्या बाजूला कोठ्यातल्या धुराची बोटभर काजळी.

ही आमच्या आजोबांच्या किराणा दुकानावरची पाटी. दुकान मी पाहिलेलं नाही. मी जन्मायच्या आधीच ते बसलं. घरात आजोबांचा उल्लेख 'व्यवहारशून्य माणूस' असाच होई. वडील तो दुःखानं करत. मी वसुली खात्यात लागल्यावर अधिकारवाणीनं करू लागलो.

पाटी ओसरीवर आली आणि घरात चार पक्ष झाले. सौ.चा पक्ष चिंच आणि राखुंडीचा. तिच्या मते जगातली कोणतीही वस्तू चिंचेनं निघते, नाही निघाली तर ती वस्तूच मुळात वाईट. चिरंजीव नागपूरला असतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "बाबा, पेंटरकडून पूर्ण नवी करून घ्या, हॉलमध्ये लावू." गोंदियाचा भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला. आणि चिरंजीवांच्या ओळखीचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणाला, "साहेब, हात लावू नका. जशी आहे तशी द्या." त्यानं सांगितलेला आकडा ऐकून सौ.नं भिजत घातलेली चिंच मुकाट्यानं वरणात घातली.

निर्णय घ्यायचा म्हणजे अभ्यास आला. बँकेत असताना आम्ही निर्णय टाळायचा असला की अभ्यास करत असू; ती सवय कामी आली.

पहिलं ज्ञान हे झालं की, आपण जिला पत्र्याची पाटी म्हणतो ती खरं तर काचेची असते. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड पसरायची, त्यात निळ्यासाठी कोबाल्टसारखी धातूंची भस्मं मिसळायची आणि आठशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत पत्रा सरकवायचा. काच वितळून लोखंडाला चिकटते. प्रत्येक रंगाला साधारणपणे वेगळी भट्टी. आमच्या पाटीत निळा, पिवळा आणि पांढरा, म्हणजे ती बिचारी निदान तीनदा आगीतून गेलेली. (आजोबांची पाटी शोभते!) आमच्याकडे यालाच तामचिनी म्हणतात. दवाखान्यातल्या टवके उडालेल्या पांढऱ्या बशा आठवा, त्याच जातीची ही. या पाट्यांचा मोठा कारखाना इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ सेली ओक इथं १८८९ साली उभा राहिला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची चणचण भासली, तेव्हा तिकडच्या कितीतरी पाट्या भंगारात गेल्या. म्हणजे आमच्या सौ.चा पहिला निर्णय अगदीच परंपरेला सोडून नव्हता.

दुसरं ज्ञान चहाबद्दल. आपल्याला वाटतं, चहा आपण वेदकाळापासून पितो. तसं नाही. आपला चहा जहाजं भरभरून विलायतेला जायचा आणि आपण ताक प्यायचो. १९०३ साली सरकारनं कायदा करून निर्यातीच्या चहावर कर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत परदेशी गिऱ्हाईक आटलं, तेव्हा मळेवाल्यांना हिंदुस्थानातली कोट्यवधी कोरडी तोंडं एकदम दिसली. बाजारात फुकट चहा वाटला गेला, स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या कृतीसुद्धा अशाच तामचिनीच्या पाट्यांवर झळकल्या. कृतीत पाणी वेगळं, दूध वेगळं, साखर वेगळी. आपल्या लोकांनी कृती नीट वाचली आणि सगळं एकत्र उकळलं.

आमच्या भागात हा प्रचार यायला रस्ता तयारच होता. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिच्या गाड्या आमच्यावरून धावू लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून जबलपूरला छोटी लाइन गेली. गोंदिया जंक्शन झालं. धान, विडीची तेंदूपानं, लाख आणि डिंक बाहेर जायचे; चहा, साबण आणि त्यांच्या पाट्या आत यायच्या. तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे आमची पाटी आमच्या जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी आहे. वडीलधाऱ्यांना चिंचेनं घासू नये, एवढं मला पटलं.

पण नवी करावी का? हा वाद पाहता पाहता मी थेट युरोपात पोचलो. जॉन रस्किन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १८४९ सालीच बजावून ठेवलंय की, जुन्या इमारतीचं 'जीर्णोद्धार' म्हणून जे करतात तो तिचा नाशच असतो. विल्यम मॉरिस यांनी तर १८७७ मध्ये जुन्या इमारतींना जीर्णोद्धारापासून वाचवणारी संस्थाच काढली. त्यांचं म्हणणं सोपं होतं: रोजची निगा राखा, गळती थांबवा, आणि गप्प बसा. गप्प बसणं हाच यातला अवघड भाग. आमच्या गावच्या देवळांना दरवर्षी ऑइलपेंट लावणाऱ्या मंडळींपर्यंत हे इंग्रजी पोचलं नाही.

तुम्ही म्हणाल, इंग्रजांचं राहू द्या. तर मग अजिंठ्याला चला. १९२० साली निजाम सरकारनं तिथली चित्रं वाचवण्यासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ आणले: चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी सुटणारे पोपडे चिकटवून बसवले, हे काम चांगलं झालं. पण चित्रांवर लाखेचं वार्निशही चढवलं. तेव्हा चित्रं लखलखली असतील. पुढे ते वार्निश पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते काढण्यात पुरातत्त्व खात्याची वर्षांमागून वर्षं गेली. त्या तज्ज्ञांचा हेतू शुद्ध होता. माझाही नेहमी असतो. आमच्या मिक्सरला विचारा.

अभ्यासातून हाती आलं ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या माळ्यावर पाटी निघाली तर उपयोगी पडेल. आधी बोट फिरवून पाहा. एका रंगावरून दुसऱ्यावर जाताना बोटाला किंचित चढ लागला तर बहुधा तामचिनी. सपाट असेल, कडेला पत्रा दुमडला असेल, तर ती पत्र्यावरची छपाई असू शकते. तिला पाणीसुद्धा बेतानं लावावं, नाहीतर चित्र फडक्यावर येतं. तामचिनीला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरतं. चिंच, लिंबू, आम्ल काचेची चकाकी खातात. राखुंडी आणि तारेची घासणी चरे पाडतात. गंज धरतो तो खिळ्यांच्या भोकांशी आणि टवका उडालेल्या जागी, जिथं लोखंड उघडं पडतं. गंज लोखंडापेक्षा फुगीर असतो, तो शेजारची काच उचलत आत आत जातो. तेव्हा सुटा गंज हलक्या हातानं काढावा, पाटी पूर्ण सुकवावी आणि त्या जागी मेणाचा पातळ हात द्यावा. रंग भरू नये. भरलेला रंग काढता येतो, पण त्याच्याखाली जे खरवडलं ते परत येत नाही.

याप्रमाणे एका रविवारी मी पाटी धुवायला घेतली. सौ. पहारा देत होती. पुढची बाजू धुतली, उलटी केली आणि काजळीवरून ओलं फडकं फिरवलं. खालून पांढरी अक्षरं दिसू लागली. मी पाणी बाजूला ठेवलं आणि कोरड्या फडक्यानं हळूहळू पुसत गेलो. काळ्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं, वळणदार हातानं लिहिलं होतं: 'आज रोख, उद्या उधार'.

मी चकित झालो. व्यवहारशून्य माणसानं हे लिहावं? व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "मागचं पुसून टाका साहेब, रॉकेलनं निघून जाईल. पाठ स्वच्छ असली की माल वर जातो." मी हो म्हणालो आणि रॉकेलची बाटली काढली. पण त्याआधी आत्याला विचारावं असं वाटलं. आत्या तिरोड्याला असते, अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, आणि तिची स्मरणशक्ती आमच्या बँकेच्या लेजरपेक्षा पक्की आहे.

ती फोनवर खूप हसली. म्हणाली, "अरे, ते मायनं लिवून घेतलं होतं बाबाकडून. मी चवथीत होती. त्या साली धान बुडालं. अख्खा गाव उधार नेत होता. माय म्हणे, पाटी लावा नाही तर मी भावाकडे जाते. बाबानं गुमान लिवलं, उन्हात वाळवलं, स्टूल घेऊन दुकानावर लावलं. संध्याकाळी माय पाहाले गेली तर चहाचा कप बाहेर अन् लिवलेलं भिंतीकडे!"

"मग आजी काय म्हणाली?"

"काय म्हणन? बाबा म्हणे, मी लावली ना पाटी. कोन्या बाजूनं लावाची ते तू कुठं सांगितलं होतं?" थोडं थांबून ती म्हणाली, "त्या साली आमच्या गावात कोणाच्या घरची चूल बंद नाही पडली रे. दुकान बसलं, ते मंग."

मी फोन ठेवला. एकतीस वर्षांत मी किती दारांवर नोटिसा लावल्या, त्याचा हिशेब माझ्यापाशी आहे. आजोबांच्या नावावर एकच नोटीस, तीही भिंतीकडे तोंड करून. रॉकेलची बाटली मी परत जागेवर ठेवली. व्यापाऱ्याला नाही कळवलं. मागच्या बाजूला पाण्याचा थेंब लावला नाही. उरलेली काजळीही राहू दिली.

पाटी आता ओसरीत लावली आहे. खिळे जुन्याच भोकांतून घातले. गंजाचा डाग आहे तिथंच आहे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, धुतलीत तरी का मग?" मी म्हणालो, "धुतली नसती तर काय धुवायचं नाही ते कळलं नसतं."

लावली त्याच संध्याकाळी कोठा उतरवणारा गडी आला. पोरीची फी भरायची होती, पुढच्या कामाचे दोन हजार आधी हवे होते. मी काही बोलण्याच्या आत हात खिशात गेला. तो गेल्यावर सौ. पाटीकडे बघत म्हणाली, "उलटी लावलीत वाटतं."

मी म्हणालो, "नाही. घराण्यात अशीच लावतात."