आपल्या भिंतींचा जमाखर्च

गेल्या सर्वसाधारण सभेत इमारतीच्या रंगाचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे दोन तट पडले. तरुण मंडळी म्हणाली, आता पंचवीस वर्षं झाली, जरा भारीतला टेक्स्चर पेंट होऊ द्या. आम्ही पेन्शनवाले म्हणालो, साधा रंग काय वाईट आहे? शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मनात आलं, भांडायचंच आहे तर आपल्या भागातल्या भिंतींचा इतिहास तरी माहीत करून घेऊन भांडावं.

आपल्या पालघर जिल्ह्यातला सर्वांत जुना 'वॉलपेपर' वारल्यांच्या झोपडीतला. कुडाच्या भिंतीला शेणमातीचा गिलावा, त्यावर गेरूचा हात आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. लग्नघरात सवाशिणी देवीचा चौक लिहीत. तो शोभेसाठी नसे, त्याशिवाय लग्न लागत नसे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. आज त्याच नक्षीचे छापील वॉलपेपर दुकानात महाग भावाने मिळतात. गेरू आणि पीठ घरचंच होतं, हे लक्षात ठेवायला हवं.

दुसरी परंपरा चुन्याची. पोर्तुगीजांना वसई 1534 च्या तहाने मिळाली आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्यात दगडाच्या इमारती उभ्या राहिल्या त्या चुन्यावर. कोकण किनाऱ्यावर शिंपल्या भट्टीत भाजून चुना करण्याची पद्धत जुनी आहे. चुन्याचा गुण असा, की तो भिंतीला श्वास घेऊ देतो. पावसाळ्यात भिंत ओली झाली तरी उन्हाळ्यात ती मोकळेपणी सुकते.

आमच्या लहानपणी कौलारू घरांना आणि चाळीतल्या खोल्यांना हाच चुना लागे. डब्यात कळीचा चुना भिजत घालायचा, त्यात थोडी नीळ म्हणजे पांढरा खुलतो, आणि रंग हाताला लागू नये म्हणून सरस किंवा डिंक. पिवळा हवा असेल तर पिवडी. ब्रश म्हणजे काथ्याचा कुंचा. हिंदूंच्या घरी दिवाळीआधी आणि वाडीतल्या ख्रिस्ती घरी नाताळाआधी सगळं घर या कामाला लागे. स्वस्त रंग आणि महाग रंग असा प्रश्नच नव्हता. रंग दरवर्षी लावायचा असतो, एवढंच माहीत होतं.

डब्यातला तयार रंग हा मुंबईच्या कारखानदारीचा भाग. आज आपण नेरोलॅक म्हणतो त्या कंपनीचं मूळ 1920 साली लोअर परळला सुरू झालेल्या कारखान्यात आहे. पण तेव्हा चांगला रंग म्हणजे बहुतेक विलायती. दुसऱ्या महायुद्धात आयात बंद झाली आणि 1942 साली गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. मोठे व्यापारी त्यांना दारात उभे करीनात, म्हणून ते गावोगावच्या छोट्या दुकानांकडे वळले. पोळ्याला शेतकरी बैलांची शिंगं रंगवतात हे पाहून त्यांनी रंगाचे छोटे डबे काढले, असं सांगतात. 1954 मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्यांना हातात ब्रश घेतलेला खोडकर मुलगा काढून दिला. नाव सुचवण्यासाठी स्पर्धा ठेवली गेली आणि 'गट्टू' हे नाव पक्कं झालं. आपल्या पिढीला रंगाच्या दुकानाच्या पाटीवरचा गट्टू आठवत असेलच.

मग चुन्याच्या जागी डिस्टेंपर आला, बाहेरच्या भिंतीला सिमेंट पेंट आला. त्याला आपण कंपनी कुठलीही असो, स्नोसेमच म्हणायचो. स्वयंपाकघरात हात पुसता यावा म्हणून कंबरेइतका ऑइल पेंटचा पट्टा. पुढे प्लास्टिक इमल्शन आलं, मग संगणकावर हवी ती छटा मिसळून देणारं यंत्र आलं. तेव्हापासून शेड कार्डावरून घराघरांत वाद सुरू झाले.

इकडे आपला भागही बदलत होता. विरारहून मुंबईला रेल्वे 1867 पासून होती, विजेची गाडी 1936 पासून. पण सिमेंटच्या इमारती धडाधड उठल्या त्या ऐंशी-नव्वदच्या दशकांत. 1990 मध्ये सिडकोकडे नियोजन आलं, 3 जुलै 2009 ला महापालिका झाली. मुंबईतली एक खोली विकून किंवा भविष्यनिर्वाह निधी मोडून माणसं इथे आली. आपणही तसेच आलो. हप्ते, लोकलचा पास आणि मुलांची फी यांतून उरेल तेवढाच रंग.

आणि इथेच माझी एक चूक कबूल करायची आहे. इमारतीला पहिला मोठा रंग काढला तेव्हा मी खजिनदार होतो. दोन दरपत्रकं आली. एकात नुसता रंग होता. दुसऱ्यात भिंतीच्या भेगा भरणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, प्रायमर आणि मग रंग. फरक मोठा होता. चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस मी, खालच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि सभेला पटवून दिलं. दुसऱ्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला पोपडे आले, वरच्या मजल्यावरच्या घरांत ओल उतरली. एका वहिनींनी नव्या सुनेसाठी हौसेने लावलेला वॉलपेपर मागून काळा पडून सुटला. त्या मला काही बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की नेहमीसारखंच 'बरे आहात ना, काका' विचारायच्या. ते न बोलणं मला अजून टोचतं.

कारण रंगाच्या डब्यात नव्हतं. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवा खारी आणि त्या काळातल्या बांधकामांत खाडीची रेती सर्रास वापरली जाई. रेती नीट धुतलेली नसली की भिंतीला लोणा धरतो. अशा भिंतीवर स्वस्त रंग लावा नाहीतर भारी, आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर येणारच. उलट भारी रंगाची पापुद्र्यासारखी जाड पातळी ओल कोंडून धरते. वॉलपेपरचं तर विचारूच नका. तो थंड कोरड्या मुलखातून आलेला पाहुणा आहे. आतल्या कोरड्या भिंतीवर खुशाल लावावा, पण बाहेरच्या किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर नाही.

स्वस्तातला आणखी एक धोका सांगतो. पूर्वी रंगांत शिसं सर्रास असे आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणून बिननावाचा सुटा रंग घेऊ नये आणि जुना ऑइल पेंट खरवडताना नातवंडांना खोलीबाहेर ठेवावं.

आता हिशेब. घराच्या आतला रंग ज्याचा त्याने करायचा, बाहेरचा सोसायटीने. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. रंगाचा खर्च दुरुस्ती निधीतून व्हावा. सिंकिंग फंड पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी आहे, त्याला रंगासाठी हात लावू नये. पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी करायचं असतं. तीस आपल्याला फार लांब नाही. परांची बांधायचा खर्च रंग कुठलाही लावला तरी तेवढाच येतो, तेव्हा तीन वर्षं टिकणारा रंग दोनदा लावणं हे सहा वर्षं टिकणाऱ्यापेक्षा महागच पडतं.

म्हणून पुढच्या सभेत माझं मत असं राहील : आधी ऑडिट, मग भेगा आणि गच्ची, मग मध्यम दर्जाचा चांगल्या कंपनीचा बाहेरचा रंग. टेक्स्चर हवंच असेल तर प्रवेशद्वारापुरतं करू, तरुणांची हौसही होईल. आणि ज्या घरांना वाढीव वर्गणी एकदम झेपणार नाही त्यांना हप्ते द्यावेत, नावं फलकावर न लावता.

यंदा खालचा आकडा दाखवणारा खजिनदार उभा राहिला, तर त्याला एवढंच विचारा, 'यात गच्चीचं पाणी धरलंय का?' तेव्हा मला हे कुणी विचारलं नव्हतं. खरं म्हणजे मीच स्वतःला विचारायला हवं होतं.