एक प्राणी, दोन नावे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याला समुद्र नाही, पण समुद्राची खोली तेथील मुलांना सहज समजावता येते. अकोले तालुक्यातील कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. अशी तीन शिखरे एकावर एक उभी केली, तर जेवढी उंची होईल जवळजवळ तेवढ्या खोलीपर्यंत काही कोळंब्या आढळतात. त्यांपैकी एकीचे पिल्लू ओळखायला शास्त्रज्ञांना १८४ वर्षे लागली. असे का झाले, ते पाहू.

कोळंबी किंवा खेकडा यांच्या अंड्यातून निघणारे पिल्लू बहुधा आईबापांसारखे दिसत नाही. या अवस्थेला डिंभ म्हणतात. डासाची अळी किंवा बेडूकमासा आठवा. समुद्रातला डिंभ पाण्यात तरंगतो, वारंवार कात टाकतो आणि रूप पालटत जातो. हे ठाऊक नसल्यामुळे लांब काट्यांचा ‘झोइया’ पूर्वी स्वतंत्र प्राणी मानला जाई. आयर्लंडमधील कॉर्क येथील लष्करी डॉक्टर जॉन व्हॉन टॉम्पसन यांनी खेकड्याची अंडी फुटताना पाहिली. त्यांतून झोइयाच बाहेर आले! १८२८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. तरीही वाद बरीच वर्षे चालला.

योगायोग असा, की त्याच १८२८ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी एका विचित्र प्राण्याचे वर्णन केले. जाड कवच, त्यावर शिंगांसारखे उंचवटे. नाव दिले ‘सेरॅटास्पिस मॉन्स्ट्रोसा’, म्हणजे राक्षसी रूपाचा. ट्यूनासारख्या मोठ्या माशांच्या पोटात तो सापडे, मोकळ्या पाण्यात मात्र क्वचितच. हा कोळंबीच्या कुळातील डिंभ असावा, असा तर्क पुढे झाला. पण कोणत्या कोळंबीचा?

टॉम्पसन यांची रीत येथे लागू पडेना. अनेक कोळंब्यांच्या माद्या अंडी पोटाखाली बाळगतात, त्यामुळे पिल्लांची आई कळते. या कुळातील माद्या मात्र अंडी थेट पाण्यात सोडतात. शिवाय खोल समुद्रातून वर काढलेली कोळंबी जिवंत ठेवणे फार अवघड.

अखेर २०१२ साली अमेरिकेतील हेदर ब्रॅकन-ग्रिसम, डॅरिल फेल्डर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोच्या आखातात मिळालेल्या नमुन्याचा डीएनए तपासला. तो ‘प्लेसिओपेनिअस आर्मेटस’ या खोल समुद्रातील कोळंबीच्या डीएनएशी जुळला. पिल्लाला एक नाव, प्रौढाला दुसरे. प्राणी मात्र एकच!

साधने बदलली, प्रश्न तोच राहिला: या दोन रूपांचे नाते कशावरून ठरवायचे? नुसत्या दिसण्यावरून नव्हे. वर्गात हे करून पाहता येईल. हौदातील डासांच्या अळ्या त्याच पाण्यासह बाटलीत ठेवा आणि तोंडाला पातळ कापड घट्ट बांधा. नाव आधी सांगू नका. मुलांना रोज चित्र काढू द्या. अळीचा कोष आणि कोषाचा डास होताना त्यांनी स्वतः पाहिला, की नात्याचा पुरावा म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही, असे आम्हाला वाटते.