चार अडथळे आणि जांघेतली नाडी

बाळ दूध ओढता ओढता घामाघूम होतं, मध्येच थकून झोपतं. वजन वाढत नाही. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा छाती भरते. घरचे म्हणतात दृष्ट लागली, दवाखान्यात म्हणतात निमोनिया. बहुतेकदा तो निमोनियाच असतो, हे मान्य. पण काही बाळांत खरं दुखणं हृदयाच्या झडपेत असतं. ते ओळखायला माणसाला किती काळ लागला, त्याची ही गोष्ट.

१९६३ साली अमेरिकेत डॉ. जॉन शोन आणि सहकाऱ्यांनी एक लेख छापला. त्यात ८ रुग्णांची नोंद होती, आणि ती सगळी शवविच्छेदनातून आलेली. हृदयाच्या डाव्या बाजूला एकामागोमाग चार अडथळे येऊ शकतात, असं त्यांनी दाखवलं. पहिला, मायट्रल झडपेच्या वर पडद्यासारखं कडं. दुसरा, ती झडपच सदोष. तिसरा, महाधमनीच्या झडपेखाली अरुंद वाट. चौथा, पुढे महाधमनीच आवळलेली. सगळ्यांत चारही असतातच असं नाही.

यातली मायट्रल झडप समजून घ्या. तिच्या दोऱ्या एरवी दोन स्नायूंना बांधलेल्या असतात. इथे सगळ्या एकाच स्नायूला येऊन मिळतात, पॅराशूटच्या दोऱ्यांसारख्या. म्हणून नावच पडलं 'पॅराशूट मायट्रल झडप'. झडप नीट उघडत नाही, रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, बाळाला धाप लागते. म्हणून ते निमोनियासारखं दिसतं.

पण मेल्यावर कळून उपयोग काय? जिवंत बाळाच्या छातीत डोकवायचं कसं?

त्याचं उत्तर स्वीडनमधल्या लुंड शहरात आधीच तयार होत होतं. डॉ. इंगे एडलर यांना ऑपरेशनआधी मायट्रल झडपेची अवस्था कळायला हवी होती. भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्झ यांना माहीत होतं, की लोखंडातली चीर ध्वनिलहरींनी शोधतात. १९५३ मध्ये दोघांनी धातू तपासायचं यंत्र उसनं आणलं आणि छातीवर लावलं. धडधडणाऱ्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले गेले. आज आपण ज्याला 'टूडी इको' म्हणतो, त्याची सुरुवात ही. पुढे १९७० च्या दशकात हलतं चित्र दिसू लागलं आणि ती एकाच जागी जुळलेली दोऱ्यांची मोळी जिवंत लेकरात दिसायला लागली. ना सुई, ना चिरफाड.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. इको करायला आधी कुणाला तरी शंका यावी लागते.

आणि शंका येणं इथे अवघड आहे. ही बाळं बहुधा निळी पडत नाहीत. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आकडाही ठीक येऊ शकतो. झडपेचा आवाज इतका मंद असतो की रडणाऱ्या बाळात ऐकू येत नाही. पण चौथा अडथळा असेल तर एक खूण बिनपैशाची आहे : हाताची नाडी जोरात आणि जांघेतली अगदी मंद. दोन बोटं आणि अर्धा मिनिट, एवढंच लागतं.

आता आपल्याकडचं बोलू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात हृदयरोग त्या यादीत आहे. योजना चांगलीच आहे. पण पथक येऊन नुसतं वजन-उंची लिहून गेलं, तर १९५३ चं यंत्र आणि १९६३ चा लेख त्या बाळापर्यंत पोचलेच नाहीत म्हणायचे.

म्हणून पथक येईल त्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसा. नाडी तपासली का, जांघेतली बघितली का, विचारा. 'वारंवार निमोनिया' झालेल्या लेकराचा एकदा इको करून घ्या. आणि तुमच्या गावात पथक शेवटचं कधी आलं होतं, ते खाली लिहा.