आश्रयाचे घर, नकाराचे दार

भुकेल्याला अन्न नाकारणे पाप आहे, याविषयी आपल्यात दुमत नाही. घर नाकारण्याच्या बाबतीत मात्र आपली सदसद्विवेकबुद्धी तेवढी जागी नसते. "जागा कालच दिली," "आम्ही आमच्या लोकांनाच ठेवतो," "सोसायटीचा नियम आहे, आमचा नाइलाज आहे," अशा सौम्य शब्दांत दिलेला नकार देणाऱ्याला नकार वाटतच नाही. ज्याला तो मिळतो, त्याला मात्र त्याचा अर्थ नेमका कळतो. या नकाराला मोठा इतिहास आहे. तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा आहे, तसा आपल्या महाराष्ट्राचाही आहे आणि त्यात आपल्या ख्रिस्ती समाजाचाही भाग आहे. म्हणून तो आपण डोळसपणे वाचला पाहिजे.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षण आणि त्यानंतरचे लंडनमधील वास्तव्य त्यांच्या पाठीशी होते. परदेशात राहायला खोली मिळवताना जात आडवी आली नव्हती. बडोद्यात ती स्टेशनपासूनच आडवी आली. कोणतेही हिंदू उपाहारगृह त्यांना ठेवून घेणार नव्हते. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातांत काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

त्या लेखनातील पुढचा भाग आपल्याकडे सहसा वाचला जात नाही. बडोद्यात बाबासाहेबांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी परगावाहून येणार आहे, तिला विचारून सांगतो. ते पतिपत्नी मूळच्या ब्राह्मण घराण्यातले. पतीचे विचार उदार झाले होते, पत्नीचे आचार मात्र जुनेच राहिले होते. त्या उत्तराचा अर्थ बाबासाहेबांना उमगला. सार्वजनिक बागेत काही तास काढून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. बाप्तिस्म्याने त्या घराचा धर्म बदलला होता. उंबरठा मात्र होता तसाच राहिला होता.

त्याच १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. केंटकी राज्यातील लुईव्हिल शहराने नियम केला होता की, ज्या गल्लीत गोऱ्यांची वस्ती अधिक तेथे कृष्णवर्णीयाने राहायला जाऊ नये आणि कृष्णवर्णीयांच्या गल्लीत गोऱ्याने जाऊ नये. न्यायालयाने हा नियम रद्द केला. परंतु निकालाचा मुख्य आधार माणसांची समता हा नव्हता. मालकाला आपली मालमत्ता हव्या त्या माणसास विकण्याचा हक्क आहे, हा होता. त्यामुळे भिंत पडली नाही, तिने फक्त जागा बदलली. जे नगरपालिकेला करता येईना, ते घरमालक आपापसांतील करारांनी करू लागले. "हे घर कृष्णवर्णीयास विकणार नाही" अशी अट खरेदीखतात येऊ लागली. १९२६ साली असा एक करार न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाचे म्हणणे पडले की, राज्यघटनेचे बंधन शासनावर आहे, खाजगी व्यक्तींवर नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे आपल्या देशातही भेटणार आहे.

आता कोल्हापूरकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खेड्यातला हुशार मुलगा शिक्षणासाठी कोल्हापुरात आला, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न राहण्याचा आणि जेवणाचा असे. ब्राह्मण मुलाला वार लावून जेवता येई, माधुकरी मागता येई. मराठा, जैन, मुसलमान किंवा महार मुलाला अशी कोणतीच सोय नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह उघडून पाहिले. थोड्याच वर्षांत तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थी उरले. सर्वांसाठी म्हणून उघडलेले दार सर्वांसाठी उघडे राहतेच असे नाही, हे महाराजांच्या ध्यानात आले.

मग त्यांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांची सोय झाली आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. पुढे लिंगायत, शिंपी आणि इतरही समाजांची वसतिगृहे झाली. ख्रिस्ती विद्यार्थीही त्यांतून वगळले गेले नाहीत. दसरा चौकातून जाताना या इमारतींपैकी काही आजही दिसतात.

कोणी विचारील, जातवार वसतिगृहे काढणे हाही भेदभावच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. आमच्या मते उत्तर या घरांच्या हेतूत आहे. ज्याला गावात कोणी ओसरीही देत नव्हते, त्याला ती घरे छप्पर देत होती. ती नाकारलेल्यांची घरे होती. शिवाय महाराज तेथेच थांबले नाहीत. १९१९ साली त्यांनी हुकूम काढले की, संस्थानातील सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा यांत अस्पृश्यता पाळली जाता कामा नये. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, महाराज स्वतः तेथे गेले आणि हाच तुमचा खरा पुढारी, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. बडोद्यात ज्याला एका खोलीसाठी नाव बदलावे लागले होते, त्याचा तीन वर्षांच्या आत कोल्हापूर संस्थानात असा गौरव झाला.

याच काळात मुंबईत दुसरी एक घडामोड चालू होती. १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतून बाहेर पडून मोकळ्या जागेत राहण्याची निकड लोकांना भासू लागली. मध्यमवर्गीयांनी सहकाराचा मार्ग स्वीकारला. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत समाजाची सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. १९१८ साली वांद्रे येथे साष्टी कॅथलिक गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. या संस्थांविषयी आम्हांला आदर आहे. सावकाराच्या दारात न जाता, थोड्याथोड्या बचतीतून, एकमेकांच्या भरवशावर आपल्या पूर्वजांनी घरे उभारली. जवळ चर्च असावे, सणावाराला आपली माणसे असावीत, ही इच्छाही स्वाभाविक होती. परंतु काळ बदलला. मुंबईच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. गरजवंतांच्या आश्रयासाठी केलेला "आपल्याच समाजाचा सभासद" हा नियम मोक्याच्या वस्त्यांतून इतरांना दूर ठेवण्यासाठीही वापरता येऊ लागला. नियमाचे शब्द तेच राहिले, त्यांचे काम बदलले.

अमेरिकेत या वेळेपर्यंत काय झाले होते? मिझुरी राज्यातील सेंट लुइस शहरात शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने १९४५ साली एक घर घेतले. त्या घरावर १९११ पासून वर्णभेदाचा करार होता. शेजाऱ्यांनी त्यांना बाहेर काढण्यासाठी न्यायालय गाठले. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, करार खाजगी असला तरी त्याची अंमलबजावणी न्यायालय करते, आणि न्यायालय हे शासनाचेच अंग आहे. म्हणून असा करार न्यायालयाला अमलात आणता येणार नाही. शेली कुटुंब त्या घरात राहिले. तरीही तोंडी नकार, बँकांचे कर्ज न देणे आणि दलालांची टाळाटाळ चालूच राहिली.

या लढ्यात एका कॅथलिक धर्मगुरूचे नाव आदराने घ्यावे लागते. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात व्हेल फिलिप्स या कृष्णवर्णीय नगरसेविकेने १९६२ पासून पुनःपुन्हा ठराव मांडला की, घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण पाहिला जाऊ नये. ठरावाच्या बाजूने मत पडे ते तिचे एकटीचेच. तेव्हा फादर जेम्स ग्रोपी यांनी कृष्णवर्णीय तरुणांसह मोर्चे काढण्याचे ठरविले. २८ ऑगस्ट १९६७ रोजी पहिला मोर्चा नदीच्या खोऱ्यावरील लांब पूल ओलांडून गोऱ्यांच्या दक्षिण भागात गेला. तेथे हजारोंच्या जमावाने दगड, बाटल्या आणि शिव्यांनी त्याचे स्वागत केले. त्या वस्तीत पोलिश वंशाची कॅथलिक कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती. स्वतः फादर ग्रोपी शहराच्या त्याच भागात, इटालियन वाणी कुटुंबात वाढलेले होते. रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसे पुलाच्या दोन्ही बाजूंना होती. मोर्चे सलग २०० रात्री निघाले.

४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्ण, धर्म किंवा मूळ राष्ट्र यांवरून भेद करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस मिलवॉकीने त्याहून कडक स्थानिक नियम केला. पण हा राष्ट्रीय कायदाही आरंभी दुबळाच होता. तक्रार आली तर सरकारी खाते दोन्ही बाजूंना समजावू शके, एवढेच. १९८८ साली त्यात सुधारणा होऊन तक्रारदाराच्या वतीने सरकारला खटला चालविता येऊ लागला आणि दंडही वाढला. त्याआधी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने पारखी माणसांनाही दाद मागण्याचा हक्क मान्य केला होता. पारखी म्हणजे सारख्याच ऐपतीचे दोघे, एक गोरा आणि एक काळा, एकाच घराची चौकशी करतात. एकाला जागा दाखविली जाते, दुसऱ्याला "जागा भरली" असे उत्तर मिळते. मग सौम्य शब्दांतला नकार पुराव्यानिशी उघडा पडतो. एवढे होऊनही तेथील वस्त्या पूर्णपणे मिसळल्या नाहीत. परंतु नाकारलेल्याला कोठे जायचे, हे तरी ठाऊक असते.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने, जो पुढे नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याने पुरेशा कारणावाचून सभासदत्व नाकारू नये, हे तत्त्व स्वीकारले. पण धर्मावरून नकार देणाऱ्या खाजगी घरमालकाला रोखील, असा अमेरिकेसारखा सर्वव्यापी कायदा आपल्याकडे नाही. २००५ साली अहमदाबादमधील, १९२६ साली नोंदलेल्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. केवळ पारशांनाच सभासद करून घेण्याचा तिचा नियम न्यायालयाने वैध ठरविला. समतेच्या त्या कलमाचे बंधन शासनावर आहे, खाजगी संस्थेवर नाही, असे कारण दिले गेले. १९२६ च्या अमेरिकन निकालातले वाक्य ते हेच. २००६ साली सच्चर समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली; ती कागदावरच राहिली. २०१५ साली सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात पारखी पद्धतीनेच केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. भाड्याचे घर शोधताना उच्चवर्णीय हिंदू नावापेक्षा दलित नावाला नकार अधिक मिळाला आणि मुसलमान नावाला त्याहूनही अधिक.

दलित ख्रिस्ती माणसाची कोंडी तर दुहेरी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे तो अनुसूचित जातींत गणला जात नाही. म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार त्याला मिळत नाही. आणि कधी आपल्यातलाच कोणी विचारतो, "तुम्ही मूळचे कोण?" बडोद्याच्या त्या घराचा उंबरठा अजून झिजलेला नाही, याची ही खूण आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले की, वंश, वर्ण, सामाजिक दर्जा, भाषा किंवा धर्म यांवरून होणारा भेद ईश्वरी योजनेच्या विरुद्ध आहे. ही शिकवण धर्मग्रामातल्या कुटुंबाच्या हाती कोठे येते? फ्लॅट भाड्याने देताना येते. सोसायटीच्या कार्यकारिणीत नव्या सभासदाचा अर्ज वाचला जातो, तेव्हा येते. अशा बैठकीत आपल्यापैकी एकाने जरी म्हटले की, "नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्या, इतिवृत्तात नोंदवा," तरी अनेक नकार जागच्या जागी विरतील. कारण खरे कारण कागदावर लिहिण्याचे धैर्य फारच थोड्यांना असते. नाकारलेल्या कुटुंबासोबत निबंधकाच्या कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात साक्षीला जाणे, हेही आपल्याला शक्य आहे.

आपल्या समाजाची घरे आणि संस्था राहोत, वाढोत. परंतु प्रत्येक पिढीने आपापल्या दाराला विचारावे की, आज ते कोणाच्या कामी येते? मिस क्लार्क बोर्डिंगचे दार बेघर मुलाच्या कामी आले. आपले दार आज तसे कामी येत नसेल, तर नियम बदलण्याचा अधिकार आपल्याच सर्वसाधारण सभेला आहे. बेथलेहेमच्या सराईत जागा नव्हती, हे आपण दर नाताळात वाचतो. तेथे नकार कोणी दिला, त्याचे नाव शुभवर्तमानात नाही. तो कोणीही असू शकतो, अगदी आपल्यापैकी एखादा सज्जन घरमालकसुद्धा.