तापातली आकडी आणि दोषाचा शोध

गणेशपुरीस भीमेश्वराच्या देवळाजवळ ऊन पाण्याची कुंडे आहेत. सांधे धरलेली माणसे तेथे स्नानास येतात, लेकराबाळांनाही बरोबर आणतात. ऊन पाणी सर्वांनाच मानवते, असा आपला समज. परंतु काही थोडी मुले अशी असतात की, अंग तापले की त्यांना आकडी येते. मग ते ज्वराने तापो की स्नानाने. या मुलांचा रोग ओळखण्यास माणसाला किती काळ लागला, ते आज आम्हांस सांगावयाचे आहे.

दोष कोणाला द्यावयाचा, हा प्रश्न फार जुना. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांतील एक स्कंदापस्मार. ग्रीक लोक अपस्मारास पवित्र रोग म्हणत. हिपोक्रेटीसच्या परंपरेतील वैद्यांनी मात्र इसवी सनापूर्वी सुमारे ४०० वर्षे ठासून सांगितले की, याचे मूळ मेंदूत आहे. तरीही घरोघर कोणीतरी दोषी लागेच : दृष्ट, बाहेरची बाधा, नाहीतर आई.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरांतील दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. त्यांतील बहुतेकांचे पुढे काही बिघडत नाही. पण १९७८ साली फ्रान्समधील शार्लोट द्राव्हे या डॉक्टरबाईंनी एक निराळाच प्रकार वर्णिला. निकोप बाळास पहिल्या वर्षातच तापात लांबलेली, पुष्कळदा अर्ध्या अंगाची आकडी येते. पुढे ती तापावाचूनही येते आणि वाढ मंदावते. आज हा विकार त्यांच्याच नावाने ओळखतात.

कारण कळले ते २००१ साली, बेल्जियममध्ये. मेंदूतील पेशींत सोडियम आत घेणारी जी सूक्ष्म द्वारे, त्यांच्या एका जनुकात बिघाड असतो. बहुधा तो आईबापांकडून आलेला नसतो. बाळातच नव्याने उद्भवतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी, लसीने मेंदू बिघडला असे समजल्या गेलेल्या १४ रुग्णांची तपासणी केली. त्यांतील ११ जणांत हाच बिघाड निघाला. लसीचा ताप निमित्त झाला असेल. मूळ आधीच होते.

हे ज्ञान केवळ समाधानाचे नाही. आकडीवरची नेहमीची काही औषधे, उदाहरणार्थ फेनिटॉइन व कार्बामाझेपिन, या मुलांत आकडी वाढवू शकतात. म्हणून रोगाचे नेमके नाव कळणे, हाच उपचाराचा आरंभ होय.

आकडी आलेल्या मुलास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठावे. आणि तापात वरचेवर आकडी येणाऱ्या लेकरास कुंडात उतरविण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. देवदर्शन अवश्य घ्यावे. पण आईच्या माथी दोष ठेवू नये. तो तिचा कधीच नव्हता.